ट्रॅक्टरच्या हाउसिंगपासून व्हॉल्व्हच्या बॉडीपर्यंत: फाउंड्रीची ताकद दुसऱ्या धंद्यात कशी न्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोघा भावांची फाउंड्री, जोडीला मशीन शॉप. ७५० किलोवॅटच्या एका पॅनलवर एक-एक टनाची दोन क्रुसिबल (वितळवण्याची भांडी), ६०० बाय ६०० मिलिमीटरचे मोल्डिंग बॉक्स, तासाला ६० मोल्डची ग्रीन सँड (ओलसर वाळूच्या साच्यांची) लाइन, कोल्ड बॉक्स कोअर शॉप (कास्टिंगच्या आत पोकळी राखणारे वाळूचे कोअर इथे बनतात), सहा व्हीएमसी मशिनं. दोन पाळ्यांत महिन्याला २८० टनांच्या आसपास माल जातो, त्यातला ८५ टक्के ट्रॅक्टर आणि ट्रकच्या दोन गिऱ्हाइकांकडे. थोरले बंधू म्हणतात, आहे ते नीट करू. धाकटे म्हणतात, पंप, व्हॉल्व्ह, रेल्वे, पवनचक्की, डेअरी मशिनरी, सगळीकडे कोटेशन टाकू. विचारणा अशी की आपली मूळ ताकद दुसऱ्या क्षेत्रात वापरायची तर सुरुवात कुठून करायची.

सुरुवात कोटेशनपासून करू नका. आधी ती ताकद म्हणजे नेमकं काय हे स्वतःच्या रजिस्टरातून काढा. "आम्ही चांगलं कास्टिंग करतो" हे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले मिळून प्रत्येक फाउंड्रीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्यावर नवीन गिऱ्हाईक एक रुपयाही जास्त देत नाही.

मागच्या २४ महिन्यांचा पार्टवार तक्ता करा. कॉलम एवढेच: वजन, सर्वांत पातळ भिंत, कोअरची संख्या, एका लॉटचे नग, घरातलं रिजेक्शन, गिऱ्हाइकाकडून परत आलेलं रिजेक्शन, यील्ड (ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये उरणारा हिस्सा) आणि एका मोल्डमागे सुटणारे पैसे. शेवटचा कॉलम भरताना बहुतेकांची पंचाईत होते, कारण आपल्याकडे सगळा हिशेब किलोवर चालतो. "तुमचा रेट काय?" म्हटलं की उत्तर किलोत. किलोचा रेट विकायला सोपा, पण ताकद ओळखायला फसवा.

समजा दोन पार्ट आहेत. एक ४० किलोचा काउंटरवेट, कोअर नाही, यील्ड ८० टक्के, कच्चा माल, वाळू आणि वीज वजा जाता किलोला ६ रुपये सुटतात. दुसरा १८ किलोचं हाउसिंग, चार कोअर, यील्ड ६० टक्के, किलोला १४ रुपये सुटतात. मोल्डमागे पहिल्यात २४० आणि दुसऱ्यात २५२ रुपये. म्हणजे जवळपास सारखेच, आणि मोल्डिंग इन्चार्ज म्हणणार की काउंटरवेट द्या, लाइन पळते. आता भट्टीकडून बघा. टनाला विजेची ६०० युनिट धरली तर ७५० किलोवॅटवर तासाला सव्वा टन धातू वितळतो. काउंटरवेटला मोल्डमागे ५० किलो धातू लागतो, म्हणजे तासाला २५ मोल्ड आणि ६,००० रुपये. हाउसिंगला ३० किलो लागतो, म्हणजे ४१ मोल्ड, कोअर बसवण्यात वेळ जातो म्हणून ४० धरा, तर १०,०८० रुपये. तुमची लाइन ६० मोल्डची असली तरी गळा भट्टीचा आहे. उद्या भट्टी मोठी केलीत तर गणित उलटं होईल: काउंटरवेट ६० मोल्डना १४,४०० देईल आणि हाउसिंग १०,०८० वरच राहील. आकडे तुमचे स्वतःचे घाला, पद्धत हीच ठेवा. गळा कुठे आहे ते कळल्याशिवाय कोणतं काम तुम्हाला मानवतं हे कळत नाही.

तक्ता भरून झाला की ज्या पार्टमध्ये कोअर जास्त, भिंत पातळ, तरी रिजेक्शन कमी आणि तासाचे पैसे बरे, अशा ओळींवर खूण करा. बहुधा पाच-सात पार्ट निघतील. ट्रॅक्टरच्या कामात ते सहसा हायड्रॉलिक लिफ्टचं हाउसिंग, गिअरबॉक्स कव्हर, ऑइल जाणारे मॅनिफोल्ड असे असतात. त्यांत समान काय? आत पोकळी आहे, पोकळीतून तेल फिरतं आणि बाहेर झिरपलं की ट्रॅक्टर कंपनी डेबिट नोट फाडते. म्हणजे तुमची ताकद "पोकळ, कोअरचं, न गळणारं, दहा ते चाळीस किलोंमधलं ग्रे आयर्न, मशीनिंगसह" अशी निघते. वाक्य लांबलचक आहे, पण आता त्याचा उपयोग आहे. या वाक्याला तीन प्रश्न विचारा: दुसऱ्या कोणत्या धंद्यात न गळण्याचे पैसे मिळतात? शेजारच्या प्लॉटवाल्याला हे सहा महिन्यांत जमेल का? आणि यातलं किती तुमच्या माणसांच्या हातात आहे, किती गिऱ्हाइकाने दिलेल्या पॅटर्न आणि गेजमध्ये?

तिसऱ्या प्रश्नाकडे लोक काणाडोळा करतात. कोअर बॉक्स गिऱ्हाइकाचा, गेटिंगची (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांची) रचना त्यांच्या सल्लागाराची, लीक टेस्टची फिक्स्चर त्यांनी पाठवलेली, असं असेल तर तुमच्याकडे उरते ती शिस्त. तीही ताकदच आहे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकामुळे कंट्रोल प्लॅन, हीटवार (भट्टीच्या एकेका घाण्याच्या) नोंदी, पीपॅपची (पार्ट मंजुरीची) फाइल हे सगळं ज्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यांचं पंपवाल्या मध्यम कंपन्यांना अप्रूप असतं. मात्र त्या ताकदीची किंमत वेगळी होते.

या भागाला हा विचार नवा नाही. १९१० साली सुरू झालेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक आणि पुढे पंप असा प्रवास झाला. माल बदलत गेला, गिऱ्हाईक मात्र बराच काळ शेतकरीच राहिला. कोल्हापुरात उलटं घडलं. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग ओतणाऱ्या हातांनी पुढे गाड्यांचे भाग ओतले, म्हणजे गिऱ्हाईक बदलला आणि वॉटर जॅकेटच्या (थंड पाणी खेळवणाऱ्या पोकळीच्या) कोअरची कला तीच राहिली. दोन्ही वाटा चालल्या, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली. धातू, आकार, लॉट आणि गिऱ्हाइकाची कागदपत्रं या चार गोष्टी असतात. यातली एक नवी असेल तर निर्धास्त जा. दोन नव्या असतील तर वर्षभराचा पैसा आणि एक वेगळा माणूस ठेवून जा. तीन नव्या म्हणजे तुम्ही ताकद नेत नाही, नवीन धंदा काढताय. काढायला हरकत नाही, फक्त तसं म्हणा आणि बँकेलाही तसंच सांगा.

आता धाकट्या बंधूंची यादी या चाळणीतून काढू.

पंप आणि व्हॉल्व्ह. यावर जास्त लिहितो, कारण तुमचं जमण्यासारखं इथेच आहे आणि फसण्यासारखंही इथेच. ग्रे आयर्नच्या पंप केसिंग आणि व्हॉल्व्ह बॉडीसाठी धातू ओळखीचा, आकार बॉक्समध्ये बसणारा, फक्त लॉट आणि कागद नवे. पण "न गळणारं" या शब्दाचा अर्थ इथे बदलतो. ट्रॅक्टरच्या हाउसिंगला हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवतात, दाब साधारण एक बारच्या आसपास, बुडबुडा दिसला नाही की पास. पीएन १६ चा व्हॉल्व्ह म्हणजे १६ बारचा, आणि बॉडीची चाचणी दीडपट दाबाला, म्हणजे २४ बारला, पाण्याने. एका बारला गप्प बसलेलं कास्टिंग २४ बारला घाम सोडतं. थेंब पडत नाही, पुसलेल्या जागेवर पुन्हा ओल उमटते, आणि तेवढ्यावर नग नापास होतो.

घाम कुठे फुटतो? तीन ठिकाणं बघा. पहिलं, फ्लँज (बोल्टने जोडायची कड) आणि बॉडी मिळते तो कोपरा. फ्लँज जाड, बॉडी पातळ, कोपऱ्यात धातू शेवटी गोठतो आणि आतून स्पंजासारखा राहतो. वरून काही दिसत नाही. दुसरं, फ्लँजची बोल्ट होलं. कास्टिंग टेस्टला पास होतं, मग ड्रिल त्या स्पंजमधून जातं आणि वाट मोकळी होते. म्हणून कच्च्या कास्टिंगची टेस्ट करून खूश होऊ नका, मशीनिंगनंतरची टेस्ट खरी. तिसरं ठिकाण चॅपलेट. कोअर तोलून धरायला ठेवलेला तो पत्र्याचा तुकडा भिंतीत विरघळून एकजीव व्हायला हवा. गंजलेला किंवा ओलसर असेल, तर त्याच्याभोवती गॅस धरतो. फार जाड असेल तर विरघळत नाही. फार बारीक असेल तर आधीच वितळतो आणि कोअर सरकतो. टिनचा मुलामा दिलेले चॅपलेट घ्या, बंद डब्यात ठेवा, सकाळी लागतील तेवढेच काढा. त्याहून बरं म्हणजे पॅटर्न करतानाच कोअर प्रिंट (कोअर साच्यात टेकतो ते टोक) लांब ठेवून चॅपलेटची गरजच काढून टाका. दाबाच्या कामात हा पॅटर्नवरचा जादा खर्च पहिल्याच लॉटमध्ये वसूल होतो.

कोपऱ्यासाठी फिलेट (आतली गोलाई) मोठा करा, फ्लँजला फीडर (गोठताना जादा धातू पुरवणारा साठा) द्या, जिथे फीडर पोचत नाही तिथे चिल (धातू लवकर गोठवणारा तुकडा) ठेवा. ड्रॉइंगमध्ये फिलेट लहान असेल तर गिऱ्हाइकाला लेखी विचारा. पंपवाले अशा बदलाला सहसा तयार असतात, पण त्यांच्याशी बोलायचं सॅम्पलच्या आधी. ट्रॅक्टरवाल्यांच्या सवयीने "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग" असं धरून बसलात तर सहा महिने गळणारं कास्टिंग ओतत राहाल.

गळका नग इम्प्रेग्नेशन करून (छिद्रांत रेझिन भरून) चालवून घेण्याचा मोह होतो. गिऱ्हाइकाच्या लेखी परवानगीशिवाय ते करू नका, वेल्डिंग करून बुजवणं तर त्याहून नाही. आणि २४ बारची टेस्ट हवेने करण्याचा विचारही मनात आणू नका. दाबलेल्या हवेत साठलेली ताकद ब्लँक प्लेट उडवून माणूस मारते. पाणी भरायचं, वरच्या व्हेंटमधून हवा पूर्ण काढायची, मगच दाब चढवायचा. गेज ० ते ४० बारचा, कॅलिब्रेशन चालू असलेला, आणि एकाला दोन लावलेले बरे. पेंट टेस्टनंतर. आधी पेंट मारलेला नग घाम लपवतो, आणि गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरला तो डाव पहिल्या भेटीतच ओळखू येतो.

धातूत एक सापळा आहे. पंप-व्हॉल्व्हवाला आज एफजी २६० हा ग्रे आयर्नचा ग्रेड मागेल आणि तिसऱ्या महिन्यात म्हणेल, "यातले चार साइझ एसजी ४००/१५ मध्ये द्या." एसजी म्हणजे ज्यातलं ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते आयर्न. हे एक पाऊल वाटतं, पण आतून दोन बदल आहेत. ग्रे आयर्नसाठी तुम्ही मॅंगनीज ०.६ ते ०.८ टक्के ठेवत असाल, गंधकाचीही फारशी भीती नसते. एसजी ४००/१५ ला धातूची मऊ रचना, म्हणजे फेराइट हवं, म्हणून मॅंगनीज ०.२ च्या आसपास किंवा खाली, आणि मॅग्नेशियम ट्रीटमेंटआधी गंधक ०.०२ च्या आत. म्हणजे भंगार वेगळं, रिटर्न वेगळे, आणि आधीच्या ग्रे हीटचा तळाचा धातू क्रुसिबलमध्ये ठेवून चालत नाही. ट्रीटमेंटनंतर मॅग्नेशियम उडत राहतं. शिल्लक ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांमध्ये हवं, आणि त्यासाठी लेडल आठ-दहा मिनिटांत रिकामी व्हायला हवी. लहान लॉटमुळे मध्येच पॅटर्न बदलायची वेळ आली आणि लेडल थांबली, की शेवटच्या दहा मोल्डमध्ये ग्रॅफाइटचे गोळे बिघडलेले. ते नग दिसायला सारखेच असतात. म्हणून पॅटर्न बदल दोन लेडलच्या मध्येच, आणि प्रत्येक लेडलच्या शेवटच्या धातूतून मायक्रोस्कोपखाली बघायला नमुना काढायचा.

कागदपत्रांचं म्हणाल तर निर्यात करणारे पंपवाले मटेरियल सर्टिफिकेट ३.१ प्रकारचं मागतात. त्यावर सही करणारा माणूस उत्पादनापासून स्वतंत्र असावा लागतो, मोल्डिंग इन्चार्जची सही चालत नाही. हीट नंबर कास्टिंगवरच उमटवलेला हवा आणि तो भट्टीच्या रजिस्टरपर्यंत उलटा शोधता आला पाहिजे. एक खुलासा लेखी करून ठेवा: आयएस २१० प्रमाणे एफजी २६० म्हणजे वेगळ्या ओतलेल्या ३० मिलिमीटरच्या टेस्ट बारमध्ये २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ४० मिलिमीटर जाडीच्या फ्लँजमधून तुकडा कापून टेस्ट केला तर आकडा कमी येणार. हे आधी बोललं नाही तर नंतर भांडण ठरलेलं.

स्टील कास्टिंग. व्हॉल्व्हवाल्याकडे गेलात की तो लगेच विचारणार, "स्टीलमध्ये पण करता का?" नाही म्हणा. ग्रे आयर्न गोठल्यावर थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, स्टील २०. ५०० मिलिमीटरच्या फ्लँजला तुमचा पॅटर्न ५ मिलिमीटरने लहान पडणार, म्हणजे पॅटर्न नवे. ओतण्याचं तापमान १,४०० च्या आसपासवरून १,५५० च्या वर, म्हणून लायनिंग आणि वाळू बदलते. रायझर (म्हणजे फीडर) मोठे, यील्ड निम्म्यावर, वर हीट ट्रीटमेंटची भट्टी. तुमचा गळा आधीच वितळवण्यात आहे आणि स्टील तिथेच सगळ्यात जास्त खातं. ओळखीच्या स्टील फाउंड्रीकडून ओतून घेऊन मशीनिंग तुमच्याकडे करता येतं, पण गळलं तर जबाबदारी कुणाची हे ऑर्डरआधी ठरवा.

पवनचक्की सोडून द्या. तिथले हब आणि फ्रेम टनांत असतात आणि उणे २० अंशांवर इम्पॅक्ट टेस्ट मागतात. तुमचा बॉक्स ६०० चा आहे. विषय संपला.

रेल्वेचं काम वाईट नाही, पण दार मोठं आहे. बऱ्याच सुरक्षेच्या भागांना आरडीएसओ या रेल्वेच्या मानक संस्थेची मान्यता लागते, त्यात वेळ आणि ऑडिट दोन्ही जातात. टेंडरची अनामत, इन्स्पेक्शनची वाट, बिलाची वाट, हे सांभाळायला स्वतंत्र माणूस हवा. आधीपासून मान्यता असलेल्या कंपनीचा पुरवठादार म्हणून एक-दोन पार्ट करा. वर्षभरात कळेल की हे तुमच्या स्वभावाला झेपतं का.

मशीन टूलच्या बेड आणि कॉलमला बहुधा फ्युरान किंवा तशी नो-बेक (न तापवता रेझिनने घट्ट होणारी) वाळू लागते. तुमच्याकडे ती नाही. लहान ब्रॅकेट, हेडस्टॉकची कव्हरं, गिअरबॉक्स मिळत असतील तर घ्या, फक्त स्ट्रेस रिलीव्हिंगचा खर्च धरा: ५५० अंशांच्या आसपास तापवून भट्टीतच सावकाश थंड करायचं. बाहेर काढून उघड्यावर ठेवलं तर केलेलं सगळं पाण्यात, चार महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे माप फिरलेलं असतं.

डेअरी आणि खाद्य मशिनरी. आपल्या जिल्ह्यात दूध उदंड, म्हणून ही कल्पना सगळ्यांना सुचते. फाउंड्रीचा इथे फारसा संबंध नाही, दुधाला लागणारा भाग स्टेनलेसचा. संबंध मशीन शॉपचा. बुश, फ्लँज, पंपाचे शाफ्ट तुमच्या व्हीएमसीवर होतील, पण ज्या मशीनवर सकाळी कास्ट आयर्न चालतं त्याच मशीनवर दुपारी स्टेनलेस लावू नका. कूलंटमध्ये लोखंडाची काळी भुकटी तरंगत असते. ती स्टेनलेसच्या पृष्ठभागात रुतते आणि आठवडाभरात तांबूस ठिपके येतात. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या नावाखाली भलताच माल दिला. तुम्ही मटेरियलचा रिपोर्ट दाखवता, तोही बरोबर असतो, आणि ठिपके मात्र तिथेच असतात. एक मशीन, त्याची कूलंट टाकी, व्हाइस, ब्रश, ग्राइंडिंग व्हील सगळं वेगळं काढायची तयारी असेल तरच हात घाला. शिवाय दुधाला लागणाऱ्या पृष्ठभागाला साधारण ०.८ मायक्रॉन आरए फिनिश मागतात. मोजायला रफनेस टेस्टर हवा, नखाने खरवडून अंदाज चालत नाही.

साखर कारखान्यांचे सुटे भाग यादीत नव्हते, पण मधल्या काळाला ते उपयोगी पडतात. गाळप संपलं की दुरुस्तीचा हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतो. पंपाचे इंपेलर, बेअरिंग हाउसिंग, ब्रॅकेट असं काम मिळतं. मिल रोलरच्या फंदात पडू नका, ते वजन आणि ती कला वेगळ्या फाउंड्रीची. आणि पैसे उशिरा येणार हे गृहीत धरूनच रेट लावा.

तेव्हा निवड पंप-व्हॉल्व्हच्या ग्रे आयर्न कामाची. आता ते आत कसं आणायचं.

भट्टीच्या वेळेपैकी १० टक्के राखून ठेवा, त्याहून जास्त नको. आठवड्यातला एक ठरलेला दिवस किंवा दुसऱ्या पाळीचे ठरलेले तास लहान लॉटना द्या. ट्रॅक्टरच्या शेड्यूलच्या फटीत हे काम बसवू म्हटलं की दोन्ही बिघडतात: व्हॉल्व्हवाल्याचे वीस नग महिनाभर लोंबकळतात आणि तिकडे लाइन रिजेक्शन वाढतं. कोअरचं काम वाढलं की रिटर्न वाळूत कोअरची वाळू मिसळते आणि वाळू बांधून ठेवणारी ॲक्टिव्ह क्ले खाली जाते. त्या दिवसानंतरच्या पाळीला वाळूची टेस्ट दोनदा घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या ट्रॅक्टरच्या मालावर वाळूचे डाग येतील आणि कारण कुणालाच सापडणार नाही.

रेट किलोवर देऊ नका. मोल्डमागे दर लावा आणि पॅटर्न बदलाचा वेगळा आकार लावा. वरच्या हिशेबात तुमच्या तासाला १०,०८० रुपये सुटतात. पॅटर्न बदलायला २५ मिनिटं गेली तर ४,२०० रुपये गेले. लॉट ५०० चा असेल तर नगामागे आठ रुपये चाळीस पैसे, कुणाला कळतही नाही. लॉट २० चा असेल तर नगामागे २१० रुपये. अठरा किलोच्या नगाला किलोमागे साडेअकरा रुपयांहून जास्त. ऑटोच्या रेटने व्हॉल्व्हचं काम घेतलेल्या फाउंड्र्या इथेच बुडतात, आणि वर म्हणतात की पंपवाले रेट देत नाहीत. मागितलाच नाही तर देतील कुठून! त्याबरोबरच बदलाची वेळ कमी करा: पॅटर्न प्लेटचं लोकेशन एकसारखं, बोल्टऐवजी क्लॅम्प, पुढचा पॅटर्न आधीच गरम करून लाइनशेजारी. पंचवीसची बारा मिनिटं झाली की वीसचा लॉटसुद्धा परवडायला लागतो, आणि तेव्हा शेजारच्याला नक्कल करता न येणारी एक नवी ताकद तुमच्याकडे असेल.

एकाच गिऱ्हाइकाचे पाच पार्ट घ्या, पाच गिऱ्हाइकांचा एकेक नको. पाचही एका घराण्याचे असावेत, म्हणजे ८०, १०० आणि १२५ साइझच्या बॉडी आणि त्यांची बॉनेट (वरची झाकणं). एका साइझवर सापडलेला उपाय उरलेल्यांना लागू पडतो. प्रत्येक पार्टची तीन वेगळ्या हीटमध्ये सॅम्पल ओता, पहिलं सॅम्पल मधून कापून बघा. एक नग कापायला जीव तुटतो, पण फ्लँजच्या कोपऱ्यात काय आहे हे त्याशिवाय कळत नाही. पहिल्या तीन लॉटमध्ये मशीनिंगनंतरचं गळतीचं रिजेक्शन तीन टक्क्यांच्या खाली येत नसेल, तर लॉट वाढवू नका, गेटिंगवर परत बसा. हा तीनचा आकडा कुठल्या स्टँडर्डमधला नाही, कामचलाऊ मर्यादा आहे. त्याच्या वर गेलं की मशीनिंगचा आणि भाड्याचा डेबिट मिळून नफा संपतो.

ट्रॅक्टर कंपनीचे पॅटर्न, फिक्स्चर, ड्रॉइंग यांतलं काहीही या कामात वापरू नका, नव्या गिऱ्हाइकाला शॉप फिरवताना दाखवूही नका. कोअर सेट करण्याचं कसब तुमच्या माणसांचं, कोअर बॉक्स त्यांचा. करारातलं गोपनीयतेचं कलम एकदा वाचून घ्या.

पैशाचं. ट्रॅक्टरवाले ठरलेल्या तारखेला देतात, पंपवाल्या मध्यम कंपन्या ९० दिवस ओढतात. महिन्याला २० लाखांचा माल आणि ९० दिवस म्हणजे ६० लाख कायमचे बाहेर. हे खेळतं भांडवल आधी मंजूर करून घ्या. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून वेळेत न दिलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चअखेरीला याचा उपयोग होतो. १ एप्रिल २०२५ पासून १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रसामग्रीची गुंतवणूक असलेला उद्योग लघु धरला जातो, तेव्हा उद्यम नोंदणीतले आकडे ताजे आहेत का ते बघा आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापा. गिऱ्हाईक ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) असेल तर बिल तिथे चढवायची अट ऑर्डरमध्येच घाला. ऑर्डर हातात पडल्यावर ही मागणी करणं अवघड जातं.

माणूस कोण? थोरल्यांनी ट्रॅक्टर सांभाळावा आणि धाकट्यांनी हे, ही वाटणी सोयीची दिसते, पण क्वालिटीचा एकच माणूस दोघांकडे वाटू नका. डेव्हलपमेंटला एक वेगळा तरुण द्या, ज्याने किमान वर्षभर कोअर शॉपमध्ये काढलंय. आणि दर सोमवारी दोघा भावांनी एकच कागद बघावा: गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाकडून किती नग परत आले. नवं काम जड होतंय हे तिथे सगळ्यात आधी दिसतं, नव्या कामाच्या रिपोर्टमध्ये नंतर. सलग तीन आठवडे तो आकडा चढला तर राखलेले १० टक्के तास ५ वर आणा आणि व्हॉल्व्हवाल्याला तारीख पुढची द्या.

पहिल्या भेटीला जाताना चकचकीत पॉलिश केलेलं कास्टिंग आणि माहितीपत्रक नेऊ नका. इचलकरंजी-सांगलीपासून पुण्यापर्यंत पंपवाल्यांच्या टेबलावर अशा नमुन्यांचा ढीग असतो. तुमच्या लिफ्ट हाउसिंगचा रिजेक्ट झालेला नग घ्या, गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर घासून काढा, सगळ्यात अवघड कोपऱ्यातून बँडसॉवर कापा आणि कापलेली बाजू ग्राइंड करून न्या. हे ट्रॅक्टर कंपनीला विचारूनच. सोबत त्यांच्या एखाद्या साइझच्या ड्रॉइंगवर पेन्सिलने खूण केलेली असू द्या: इथे फिलेट वाढवा, हा चॅपलेट काढतो, इथे फीडर घेतो. खरेदीवाला ते बाजूला सारेल. त्यांच्या डिझाइन किंवा क्वालिटीच्या माणसाला बोलवा म्हणावं, तो तुकडा हातात घेऊन आधी कोपराच बघेल.